अठ्ठेचाळीस मिनिटांचे ऐकणे

दिवाळीपूर्वीची झाडलोट निघाली की अनेक घरांत माळ्यावरून एक पेटी खाली उतरते. पेटीत ध्वनिफिती असतात. काहींच्या वेष्टनावर गायकांची छायाचित्रे, तर काहींवर निळ्या शाईत हाताने लिहिलेली नावे : ‘भक्तामर, बाजू अ’, ‘महाराजांचे प्रवचन, चातुर्मास’, ‘आजीची स्तवने’. नातवंडे त्या हातात घेऊन पाहतात आणि विचारतात, ‘हे वाजवायचे कशावर?’ घरात त्यासाठी यंत्र उरलेले नसते. पेटी पुन्हा माळ्यावर जाते किंवा रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढते.

पेटीतून केवळ प्लॅस्टिक आणि फीत बाहेर जात नाही. एका विशिष्ट क्रमाने, एका बैठकीत, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकण्याची जी रीत गेल्या शतकाने घडविली, तीही तिच्याबरोबर घराबाहेर पडते. त्या रीतीचे नाव ‘अल्बम’. तो कसा जन्मला, कसा वाढला आणि का ओसरला, हे पाहणे मनोरंजक आहेच. ‘सामायिक’ आणि ‘परिग्रह’ हे शब्द ज्या घरांत नित्य उच्चारले जातात, त्यांच्यासाठी ते उद्बोधकही आहे.

तीन मिनिटांची चौकट

नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले आणि भारतीय संगीत तबकडीवर उतरू लागले. पुढे रूढ झालेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. रात्रभर मैफल रंगविणाऱ्या कलावंतांना राग तेवढ्यात मांडावा लागला. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात, त्या याच मापाच्या. मराठी भावगीताचा बांधाही याच चौकटीत घडला. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि कवितेचे गाणे होऊन ते तबकडीच्या वाटेने घरोघरी गेले.

दीर्घ रचना ध्वनिमुद्रित करायची तर अनेक तबकड्या लागत. त्या जाड पुठ्ठ्याच्या, पानापानांच्या संग्रहात घालून विकल्या जात. हा संग्रह छायाचित्रांच्या अल्बमसारखा दिसे, म्हणून त्यालाही अल्बम म्हटले जाऊ लागले. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी बारा इंची दीर्घमुद्रिका, म्हणजे एल.पी., बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस ते पंचवीस मिनिटे संगीत मावू लागले. पुठ्ठ्याच्या संग्रहातील सगळा ऐवज एका तबकडीवर आला, तरी नाव मात्र अल्बमच राहिले.

या मापाशी जैन वाचकाची ओळख फार जुनी आहे. घटिका म्हणजे २४ मिनिटे आणि दोन घटिकांचे एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. सामायिकाचा काळही तेवढाच. दीर्घमुद्रिकेची एक बाजू म्हणजे सुमारे एक घटिका आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे एक मुहूर्त. हा निव्वळ योगायोग आहे, तथापि तो विचार करायला लावणारा आहे. मन एका आसनावर, एका विषयात किती काळ स्थिर ठेवता येते, याचे आचार्यांनी ठरविलेले माप आणि तबकडीने नकळत घालून दिलेले माप जवळपास सारखेच निघाले.

एका दिवसाची तबकडी

अल्बम म्हणजे गाण्यांची मोळी नव्हे. त्यात क्रमाला अर्थ असतो. याचे भारतीय संगीतातील सुंदर उदाहरण म्हणजे १९६७ मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही दीर्घमुद्रिका. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार तिच्यात एकत्र आली. तबल्याच्या साथीला माणिकराव पोपटकर होते. ‘शीळ’ गाणारे जी. एन. जोशी तोवर एच.एम.व्ही.मध्ये अधिकारी झाले होते आणि ही मुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली आकाराला आली.

काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस ही तिची कल्पना. पहाटेच्या अहिर भैरव आणि नट भैरवाने ती सुरू होते. दिवस चढतो तसा पिलू येतो, सांजेला भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. शब्द एकही नाही, परंतु ऐकणाऱ्याचा दिवस उगवतो आणि मावळतो. या पाच रचना उलटसुलट लावल्या तर प्रत्येक रचना गोडच वाटेल. दिवस मात्र मोडून जाईल.

मराठी घरांना क्रमाने ऐकण्याची सवय त्याच्याही आधी लागली होती. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर, दर आठवड्याला एक याप्रमाणे, ५६ गीते प्रसारित झाली. पुढचे गीत ऐकायला आठवडाभर थांबावे लागे. पुढे १९७४ मध्ये, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशतसांवत्सरिक वर्षात, हृदयनाथ मंगेशकर आणि लता मंगेशकर यांची ‘शिवकल्याण राजा’ ही मुद्रिका आली. तिच्यातही एकेक गीत सुटे नाही. एका चरित्राच्या सूत्रात ती ओवलेली आहेत.

जैन उपासनेत क्रमाचे हे महत्त्व पदोपदी दिसते. पंचकल्याणकात गर्भ, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि मोक्ष हा क्रम ठरलेला आहे. मोक्षाचे पद आधी म्हणून जन्माचे नंतर म्हणता येत नाही. दशलक्षण पर्व क्षमेपासून सुरू होते आणि ब्रह्मचर्यापाशी पूर्ण होते. दिगंबर परंपरेत ४८ आणि श्वेतांबर परंपरेत बहुतांशी ४४ श्लोकांचे भक्तामर स्तोत्र एकाच वसंततिलका वृत्तात पहिल्यापासून अखेरपर्यंत चढत जाते. त्यातील आवडता श्लोक वेगळा म्हणता येतो. पण पाठ केला असे म्हणायचे तर पूर्ण स्तोत्रच म्हणावे लागते.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अवकाशात पाठविली. तिच्यावर जगभरातील २७ संगीतरचना आहेत आणि त्यांत गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. मानवजातीला आपली ओळख विश्वाला सांगायची होती, तेव्हा तिने निवड केली, क्रम लावला आणि तबकडी केली. तोही एक अल्बमच होय.

ध्वनिफितीची पेठ

तबकडी आणि ती वाजविण्याचे यंत्र या दोन्ही वस्तू मध्यमवर्गाला महाग होत्या. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली छोटी ध्वनिफीत हे चित्र पालटणारी ठरली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला. गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने स्वस्त फिती काढल्या आणि त्या विकण्यासाठी संगीताच्या दुकानांबरोबर पानाच्या टपऱ्या आणि किराणा दुकानेही वापरली. एका मोठ्या कंपनीची दीर्घकाळची सद्दी त्यामुळे संपुष्टात आली.

या पेठेचा एक लाभ असा की, लहान समाजांना आणि लहान बोलींना प्रथमच आवाज मिळाला. भजनी मंडळे, आरत्या, लोकगीते, स्तवने यांच्या फिती निघू लागल्या. पर्युषणात सकाळी घरात णमोकार मंत्राची फीत लागे आणि आंघोळ, पूजा, पच्चक्खाण तिच्या स्वरांतच पार पडे. साठ मिनिटांच्या फितीची एक बाजू अर्ध्या तासाने टकन् बंद होई. कोणीतरी उठून ती उलटावी लागे. त्या उठण्यानेच घर ऐकते आहे हे कळे.

फितीवर गाणे वगळणे कष्टाचे होते. पुढे सरकवावे तर नेमके कुठे थांबायचे ते कळत नसे. त्यामुळे न आवडणारे गाणेही ऐकले जाई आणि पाच-सात वेळा ऐकल्यावर तेच आवडू लागे. ‘ब’ बाजूवरील शांत, संथ गीते याच मार्गाने लोकांच्या मनात शिरली. सोय नसणे हीही कधी कधी सोय ठरते, ती अशी.

सुटे गाणे, सुटा हिशेब

वाणिज्याच्या दृष्टीने पाहता अल्बम ही जोडविक्री होती. एक-दोन लोकप्रिय गाण्यांसाठी ग्राहक पूर्ण किंमत देई आणि उरलेली सहा-सात गाणी त्या आधारावर उभी राहत. त्यांतील काही खरोखरच भरीची असत, हे मान्य केले पाहिजे. तथापि कलावंताला प्रयोग करण्याची मुभाही त्यातूनच मिळे. १९८२ मध्ये आलेल्या सी.डी.ने ही जोडविक्री अधिक नफ्याची केली, पण तिने संगीताचे अंकांत रूपांतर केले आणि स्वतःच्या अस्ताची बीजेही पेरली. अंकांची नक्कल फुकट होते. १९९९ मध्ये नॅप्स्टर आले आणि गाणी इंटरनेटवरून विनामूल्य फिरू लागली. एप्रिल २००३ मध्ये अ‍ॅपलने एकेक गाणे ९९ सेंटला विकण्यास आरंभ केला. जोडविक्री सुटली. ग्राहकाने हवे ते उचलले आणि उरलेले ठेवून दिले.

भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि गाणे विकत घेण्याची गरजच उरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात दाखल झाले. मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे अनेक दशकांचे दुकान त्याआधीच, २०१६ मध्ये, बंद झाले होते.

नव्या व्यवस्थेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. साधारणपणे महिन्याचे उत्पन्न एका खात्यात जमा होते आणि ज्याचे गाणे जितक्या वेळा ऐकले गेले, त्या प्रमाणात वाटले जाते. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक नोंद होते. म्हणजे अडीच मिनिटांचे गीत ही एक नोंद आणि पाऊण तासाचा दरबारी कानडा हीही एकच नोंद. त्या पाऊण तासात अडीच मिनिटांची अठरा गाणी बसतात आणि अठरा नोंदी होतात. मोबदल्याचे मापच असे असेल तर संगीत आखूड का होत चालले आणि गाण्याच्या आरंभीचे वाद्यवादन का लोपले, याचे आश्चर्य वाटायला नको. पहिल्या तीस सेकंदांत श्रोत्याचा अंगठा पुढे सरकू नये, एवढ्यासाठी रचना होऊ लागल्या. शिवाय २०२४ पासून त्या मंचावर, मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच मिळत नाही.

अल्बम उरला तो जमाखर्चात. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने २०१६ मध्ये ठरविले की, १,५०० वेळा ऐकले जाणे म्हणजे एका अल्बमची विक्री समजावी. एकच गाणे १,५०० वेळा ऐकले गेले तरी कागदोपत्री एक अल्बम खपतो. जी वस्तू एकेकाळी दोन्ही हातांत धरून पाहिली जाई, ती अशी निव्वळ हिशेबाची एकक झाली.

चित्रपटसंगीतातही हा बदल दिसतो. अलीगढच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या रवींद्र जैन यांच्या १९७६ मधील ‘चितचोर’मध्ये चारच गाणी होती, पण ती एकाच प्रतिभेच्या झऱ्यातून आली होती. आज एकेका चित्रपटाला तीन-चार संगीतकार असणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. गाणी गाजतात, त्यांचा परस्परांशी संबंध मात्र राहत नाही.

रेडिओ आणि आजचा श्रोता

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येतो. भारतीय श्रोता मुळात अल्बमचा होताच कधी? १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ आणि १९५७ पासून विविध भारती यांनी सुटी गाणीच ऐकविली. फर्माईश एका गाण्याचीच असे. अल्बमचे राज्य आपल्याकडे दोन-तीन दशकांचेच, आणि तेही सगळ्या घरांत नव्हे.

आक्षेप खरा आहे. परंतु रेडिओवरील सुटे गाणे अवघा वाडा एकाच वेळी ऐकत असे. आजी, सून, शेजारी आणि गल्लीतला शिंपी यांच्या कानांवर एकच सूर पडे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणे होई. आज एकाच दिवाणखान्यात चार जण बसलेले असतात आणि चौघांच्या कानांत चार निरनिराळी गाणी वाजत असतात. गाणे सुटे झाले हा एक बदल. ऐकणारा सुटा झाला हा त्याहून मोठा बदल होय.

नव्या साधनांचे उपकारही नाकारता येत नाहीत. दुर्मीळ तबकड्यांसाठी पूर्वी मुंबई-पुण्याची दुकाने पालथी घालावी लागत. त्या आज खेड्यातील मुलालाही क्षणात ऐकता येतात. परदेशी राहणारी मुलगी आरतीच्या वेळी तेच स्तवन लावू शकते, जे तिच्या माहेरी लागते. लहान गावातील गायकाला आपला आवाज जगापुढे ठेवण्यासाठी कोणत्याही कंपनीचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. प्रश्न साधनांचा नाही, ती वापरण्याच्या रीतीचा आहे.

भोग, उपभोग आणि परिग्रह

वरकरणी पाहता नवी व्यवस्था अपरिग्रहाला जवळची वाटते. कपाटभर तबकड्या नाहीत, पेट्या नाहीत, धूळ नाही. परंतु तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर नव्हे, तर मूर्च्छेवर, म्हणजे आसक्तीवर केलेली आहे. खिशातील फोनमध्ये दहा कोटींहून अधिक गाणी उपलब्ध असतात. त्यांतले एकही आपल्या मालकीचे नसते, तरी पुढचे याहून चांगले असेल या आशेने बोट सतत चालत राहते. कपाट रिकामे झाले म्हणून तृष्णा रिकामी झाली असे होत नाही.

श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोग परिमाण हे व्रत आहे. एकदाच उपयोगात येते ते भोग्य, जसे अन्न किंवा फूल. पुन्हा पुन्हा उपयोगात येते ते उपभोग्य, जसे वस्त्र किंवा घर. पूर्वी गाणे उपभोग्य होते. तेच पुन्हा पुन्हा ऐकून ते अंगवळणी पडे आणि पाठ होई. आज ते भोग्य होत चालले आहे : ऐकले, संपले, पुढे. या दोहोंना परिमाण घालून घेणे हा या व्रताचा गाभा आहे. परिमाण घातले की उरते ते अधिक ठसते, हा अनुभव उपवास करणाऱ्याला नव्याने सांगावा लागत नाही.

जगातही याची जाणीव होऊ लागली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या ब्रिटिश गायिकेच्या विनंतीवरून स्पॉटिफायने आपल्या सशुल्क ग्राहकांसाठी अल्बमची गाणी आपोआप उलटसुलट लावण्याची रीत बदलली. क्रम विचारपूर्वक लावलेला असतो, तो तसाच ऐकला जावा, एवढेच तिचे म्हणणे होते. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्यांच्या प्रती सी.डी.पेक्षा अधिक खपल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडे सारेगामाने २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेले ‘कारवां’ आणले, तेव्हा घरातील ज्येष्ठांनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्यात नवे काहीच नव्हते. होती ती मर्यादा आणि एक साधे बटण.

पेटी उघडण्यापूर्वी

माळ्यावरील पेटीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. तिच्यातील बाजारात विकली गेलेली गाणी अन्यत्र मिळतील. परंतु ‘आजीची स्तवने’ या फितीची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. चातुर्मासातील प्रवचने, गावच्या मंदिरातील पंचकल्याणकाच्या वेळी गायिलेली मराठी पदे, लग्नात बायकांनी म्हटलेली गाणी, यांतले पुष्कळसे कोठेही छापलेले नाही. चुंबकीय फीत दमट हवेत चिकटते, तिला बुरशी लागते, आवाज वर्षागणिक पुसट होत जातो.

काम अवघड नाही. फिती उभ्या ठेवाव्यात आणि ओल, ऊन व ध्वनिक्षेपकाचे चुंबक यांपासून दूर ठेवाव्यात. चालू स्थितीतील एक यंत्र मिळवून ते तारेने संगणकाला जोडावे आणि संपूर्ण बाजू सलग मुद्रित करून घ्यावी. गाणी तोडू नयेत. मधले खोकणे, पाटाचा आवाज, ‘आता पुढचे म्हण’ असे कोणाचे तरी बोलणे, हे सारे राहू द्यावे. कोणी गायिले, कोठे आणि कोणत्या साली, हे ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवावे. ते सांगणारे उद्या नसतील. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. गावोगावच्या महिला मंडळांनी आणि युवक मंडळांनी एका चातुर्मासात हे काम हाती घेतले, तरी समाजाचा एक मोठा ठेवा वाचेल.

दुसरे काम त्याहून सोपे, पण मनाने अवघड आहे. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी कानांतली यंत्रे काढून एकत्र बसावे आणि एकच संपूर्ण रचना, क्रम न मोडता, ऐकावी. ती ‘गीतरामायणा’तील काही गीते असोत, एखादा राग असो वा भक्तामर. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पहिली दहा मिनिटे चुळबुळ होईल. नंतर नातू आजीला विचारील, हा आवाज कोणाचा? आजी सांगू लागेल.

त्यासाठी लागतील ४८ मिनिटे. या समाजाला ते माप नवे नाही.